चार ठोक्यांची शांतता

आधी एकच पान सुटलं, पण जाताना बाकीच्यांनाही सोबत घेऊन गेलं. पियानोच्या फळीवरचा स्वरलिपीच्या पिवळट पानांचा गठ्ठा नानांच्या हातांवर कोसळला, तिथून मांडीवर आणि मांडीवरून थेट रंगमंचभर पसरला. दोन पानं तर खाली पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत पोचली.

नाना थांबले नाहीत. डोळे मिटून, मान जरा वाकडी करून ते वाजवतच राहिले. सासरे थांबत नाहीत म्हटल्यावर सूनबाईची काय टाप होती थांबायची! तिचं व्हायोलिन एकेक पायरी वर चढत गेलं, सगळ्यात उंच सुरावर पोचलं आणि तिथं दोघंही एकदम गप्प झाले. पियानो-व्हायोलिनसाठी लिहिलेल्या या सोनाट्याच्या संथ भागातली ही त्यांची प्रसिद्ध जागा. चार ठोके थांबायचं, मग व्हायोलिननं खाली उतरायचं. सूनबाई मनात मोजत होती. एक, दोन... आणि तिला दिसलं की नानांचा डावा हात उचलला गेला, रिकाम्या फळीच्या कोपऱ्याशी गेला, तिथं नसलेलं पान त्यानं चिमटीत धरलं, अलगद उलटलं आणि तो परत पट्ट्यांवर येऊन बसला.

सूनबाईला हसू फुटलं. गज तारेवरून घसरला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

"काय गं, काय झालं?" नानांनी डोळे उघडले.

"पानं पडली, नाना."

"कुठली?"

"सगळी."

नानांनी फळीकडं पाहिलं, मग मांडीकडं, मग जमिनीकडं. "अरेच्चा!" ते म्हणाले. चौतीस वर्षं नांदलेलं पुस्तक ऐन कार्यक्रमाच्या दिवशी दगा देतं म्हणजे काय!

सकाळचे अकरा वाजले होते. कार्यक्रम संध्याकाळी सहाला. चारशे खुर्च्या आणि एकही तिकीट शिल्लक नाही. सभागृहाचा व्यवस्थापक, एरवी चालतानाही पँटची घडी सांभाळणारा माणूस, आता गुडघ्यांवर रांगत पानं गोळा करत होता. त्यानं चिकटपट्टी आणली. पट्टी लावली की कागदच तिला चिकटून सुटून यायचा.

"झेरॉक्स काढून आणू का? समोरच दुकान आहे."

"झेरॉक्सवर माझी बोटं चालत नाहीत," नाना म्हणाले.

"मग सुटी पानं एकट्याला कशी सांभाळायची तुम्हाला? शेजारी कुणीतरी बसवू या ना. इथल्या संगीतशाळेतल्या बाई आहेत, त्या नेहमी पानं उलटायला..."

"माझ्या पानाला परका हात नको." नानांनी असं काही म्हटलं की जणू कुणी त्यांच्या टूथब्रशला हात घातला होता. पियानोवाल्याच्या शेजारी पान उलटायला माणूस बसतो, ही जगाची रीत. नानांनी ती आयुष्यात कधी मानली नव्हती. पान स्वतः उलटायचं, आणि तेही असं की बघणाऱ्याला वाटावं, तेसुद्धा संगीतातच लिहिलेलं आहे.

"अहो नाना, पण आज..." सूनबाईनं तोंड उघडलं.

"मी उलटते."

आवाज दाराकडून आला. हातात नानांचा इस्त्रीचा कोट घेऊन सासूबाई, म्हणजे माई, उभ्या होत्या. कधी आल्या, काय काय ऐकलं, देव जाणे. दोन वर्षांत त्यांनी कुठल्या रंगमंचाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यामुळं नाना नुसते त्यांच्याकडं बघतच राहिले.

"तू?"

"का? मला वाचता येत नाही का? की मीही परकी झाले?"

व्यवस्थापकानं खुर्ची आणायला धूम ठोकली, आणि सूनबाई धास्तावली.

ती का धास्तावली, ते सांगायला हवं. नाना आणि माई, पियानो आणि व्हायोलिन, बत्तीस वर्षं ही जोडी एकत्र वाजली. सोनाटा म्हणजे दोघांचं बोलणं. त्यात एक बोलतो आणि दुसरा नुसता हो-हो करतो असं नसतं, दोघं बरोबरीनं भांडतात, समजूत काढतात, पुन्हा भांडतात. या दोघांना त्यासाठी वेगळा सराव लागत नसे, असं लोक गमतीनं म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी माईंच्या डाव्या हाताची करंगळी वाकेनाशी झाली. डॉक्टर झाले, शेक झाले, तेलं झाली. करंगळी काही बधली नाही. एका सकाळी माईंनी व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "चला, चहा टाकते."

सूनबाई व्हायोलिन वाजवायची ते वाद्यवृंदात, मागून दुसऱ्या रांगेत. व्हायोलिन दाबून दाबून जबडा दुखायला लागला म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडं गेली आणि त्यानं जबड्याबरोबर तिचं मनही तपासलं. हा नाना-माईंचा मुलगा. दोन एवढ्या मोठ्या वाजवणाऱ्यांच्या पोटी जन्मून त्याची शिट्टीसुद्धा बेसूर! आडात तुडुंब पाणी आणि पोहरा मात्र कोरडा, असं माई म्हणायच्या. लेकानं दिलं नाही ते सुनेनं दिलं. गेल्या वर्षी नानांनी तिला बोलावलं, माईंची जुनी पानं तिच्या स्टँडवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, बघू या का?"

बघितलं. जमलं. आणि तिथंच सगळी गोची झाली. नाना-सूनबाईंचा सराव सुरू झाला की माई पिशवी उचलायच्या आणि घराबाहेर पडायच्या. दर वेळी. "जरा बाजारात जाऊन येते." परत यायच्या त्या दोन किलो कांदे घेऊन. वर्षभर हेच चाललं. स्वयंपाकघरात कांदे, गॅलरीत कांदे, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली कांदे. सूनबाई काय समजायचं ते समजली. आपल्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं कोणाला ऐकवेल?

आणि त्यात ती खूण. माईंच्या पानावर, त्या उंच सुरापाशी, पेन्सिलनं ठसठशीत लिहिलेलं होतं: "थांब. ४". खाली दोन रेघा. या चार ठोक्यांवर एका समीक्षकानं फार पूर्वी पेपरात अर्धा रकाना खर्ची घातला होता. 'हे दोघं शांतताही वाजवतात,' असं त्याचं वाक्य होतं. नानांनी ते कापून फ्रेम करून लावलं होतं. तेव्हापासून लोक त्या जागेची वाट बघत. खोकणारे आधीच खोकून घेत.

सूनबाईच्या हातात ती शांतता वाजतच नव्हती. चार ठोके नुसते रिकामे जायचे, दूध उतू जायची वाट बघत उभं राहावं तसे. तिचा हात म्हणायचा, थांबू नकोस, या उंचीवरून तसंच खाली झोकून दे, श्वासही घेऊ नकोस! एकदा धीर करून तिनं विचारलंही होतं.

"नाना, इथं थांबलंच नाही तर?"

नानांनी तिच्याकडं पाहिलं ते असं, की हिनं घराचा खांब काढायचं विचारलंय.

"ती माईची खूण आहे, पोरी."

विषय संपला. ती माईंच्या पानावरून वाजवत होती, त्यांच्या खुणांवर थांबत होती, त्यांच्या जागी उभी होती. सोनाटा होता तिघांचा, आणि त्यात तिसरी तीच होती. आज एवढ्या लोकांसमोर ती जागा येणार होती, आणि त्या जागेची मालकीण चार हातांवर चष्मा लावून बसणार होती. बोला!

संध्याकाळी साडेपाचला रंगमंचामागच्या खोलीत सूनबाई गजाला राळ लावत होती. लावून झाली होती, तरी लावतच होती. भिंतीवर इथं वाजवून गेलेल्यांचे फोटो होते. त्यात नाना-माईंचा एक, तीसेक वर्षांपूर्वीचा. नेमका त्याच जागेचा. माईंचा गज हवेत, मान पियानोकडं वळलेली. नानांचा हात पानाच्या कोपऱ्यावर, नजर माईंवर. सूनबाईनं गजाची टोकं तपासली, खुंट्या तपासल्या, पुन्हा फोटो पाहिला. किती सहज उभ्या होत्या माई!

डॉक्टर नवऱ्यानं दारातून डोकं आत घातलं.

"हाउसफुल आहे! बाहेर दोघं जण तिकिटावरून भांडतायत. शपथ, भांडतायत!"

"माझे हात गार पडलेत."

त्यानं तिचे हात आपल्या हातांत चोळले. "हे बघ, दात घासल्यासारखं कर. वर-खाली, वर-खाली. घाई नाही, जोर नाही."

"तू जा बरं इथून!" ती हसली. हसल्यावर हात जरा कोमट झाले, हे मात्र खरं.

पलीकडं माई सुटी पानं क्रमानं लावत होत्या. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा त्या बोटानं किंचित वर वळवत होत्या, उचलायला सोपा जावा म्हणून. ताठ राहिलेली करंगळी चहाच्या कपावर ठेवावी तशी बाजूला. एका पानाशी त्या थांबल्या. वाचलं, पुढचं पान पाहिलं, परत मागचं पाहिलं आणि नाकातल्या नाकात हसल्या.

"काय झालं, माई?"

"काही नाही गं. तू तुझी राळ लाव. मणभर झाली असेल आत्तापर्यंत."

सहा वाजले. दिवे लागले. तिघं बाहेर आले तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, आणि लोकांना तिसरं माणूस कोण ते कळलं तशा दुप्पट झाल्या. माईंनी हात झटकून 'पुरे, पुरे' अशी खूण केली आणि नानांच्या डावीकडं, अर्धा हात मागं, खुर्चीत बसल्या. चारशे माणसांना न घाबरणारे नाना या एका बाईच्या शेजारी शाळकरी मुलासारखे ताठ बसले होते. त्यांनी सूर दिला. सूनबाईनं तारा लावल्या. एक खोल श्वास, व्हायोलिनचं टोक किंचित वर, आणि सुटले!

पहिला सोनाटा कसा झाला म्हणता? पळाला! घोड्याला रस्ता माहीत असावा तसा. नाना तरुण झाले होते. डाव्या हातानं असे काही गडगडत होते की सूनबाईला वाटलं, हे आज मला पळवून थकवणार. तिनंही हार मानली नाही. त्यांनी प्रश्न टाकला की हिनं उत्तर द्यायच्या आधी अर्धा श्वास रोखायचा, हिनं चिडवलं की त्यांनी खालच्या पट्टीत गुरगुरायचं. आणि माई? पान असं उलटत होत्या की कागदाचा आवाजही नाही. एकदाच नानांचा हात सवयीनं उचलला गेला, तर माईंनी त्यावर हलकीशी चापट मारली. पहिल्या रांगेला ते दिसलं आणि पहिली रांग हसली.

मध्यंतरात माईंनी दुसऱ्या सोनाट्याची पानं फळीवर मांडली.

मग दुसरा सोनाटा, आणि त्यातला संथ भाग. सभागृहात खोकून घेण्याची लाट आली आणि गेली. सूनबाईला ती ऐकू आली. आलीच म्हणायची ती जागा! व्हायोलिन चढायला लागलं. एक पायरी, दुसरी. समोरच्या पानावरची ती खूण जवळ येत होती. तिचा हात आतून ओरडत होता, थांबू नकोस. तिचं डोकं म्हणत होतं, थांब, त्या बसल्यात. अजून दोन पायऱ्या. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पियानोकडं पाहिलं.

पान उलटलेलं होतं.

अजून त्या पानावरचे दोन ठोके बाकी होते. नाना ते न बघताच वाजवत होते. पण माईंनी पान आधीच काढून बाजूला ठेवलं होतं, आणि आता दोन्ही हात मांडीवर घेऊन, चष्म्यावरून, त्या थेट सूनबाईकडं बघत होत्या. हनुवटी एवढीशी पुढं केली. बास, एवढंच. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई घुटमळली की माई करायच्या तसंच. अगं ये ना, अशी.

सूनबाई थांबली नाही. उंच सुरावरून तिनं स्वतःला तसंच खाली सोडून दिलं, आणि काय सांगावं, ते पडणं नव्हतंच! सूर उतरता उतरता रुंद झाला, गज कुठं संपतोय आणि कुठं वळतोय ते तिचं तिलाच कळेना. नाना अर्ध्या पापणीपुरते चुकले. अर्ध्याच. मग त्यांचे दोन्ही हात तिच्याखाली येऊन उभे राहिले, लेकरानं कट्ट्यावरून उडी टाकावी आणि खाली कुणीतरी झेलायला असावं तसे. तिला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायची सोय नव्हती म्हणून तिनं ते सगळं व्हायोलिनमध्ये घातलं.

शेवटचा भाग कसा आला नि गेला ते कुणाला नंतर सांगता आलं नाही. एवढंच आठवतं की शेवटचा सूर अजून हवेत होता आणि लोक उभे राहिले होते. तिचा नवरा तर तालाचा पत्ताच नसल्यागत, सगळ्यांच्या टाळ्यांच्या मधल्या फटींत टाळ्या वाजवत होता.

आत येताच सूनबाईनं व्हायोलिन ठेवलं आणि ती माईंकडं वळली. नाना अजून बाहेरच होते, पहिल्या रांगेतल्या जुन्या श्रोत्यांनी त्यांना रंगमंचाच्या कडेलाच गाठलं होतं.

"माई, चुकलं का माझं?"

"काय चुकलं?"

"थांबले नाही मी. तुमची खूण होती. एवढी वर्षं लोक..."

"अगं, त्या खुणेचं काय घेऊन बसलीस!" माईंनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला. "ती यांच्या पानासाठी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे! यांच्या पुस्तकात ते पान नेमकं तिथं संपतं. दोन्ही हात गुंतलेले, आणि शेजारी माणूस बसवून घ्यायचा नाही! मग मी काय करणार? एकदा मी पुढं गेले आणि हे मागं कागदाशी झटापट करत राहिले, सगळ्यांसमोर हसं झालं. त्या दिवशी घरी जाऊन लिहिलं, थांब. चार ठोके. तेवढा वेळ लागतो यांना. मी मान वळवून बघायचे, झालं का पान म्हणून. आणि पेपरवाला लिहितो, शांतता वाजवतात!"

"आणि तुम्ही इतकी वर्षं नानांना..."

"काय सांगू? फ्रेम केली होती त्यांनी! खिळाही स्वतः ठोकला. तू सांगू नकोस हं. शपथ आहे तुला."

"पण मग सरावाच्या वेळी तुम्ही मला तरी..." ती जवळ सरकली. "मला वाटलं, तुम्हाला ऐकवत नाही. म्हणून बाजारात जाता."

"ऐकवत नव्हतंच," माई सरळ म्हणाल्या. "पहिले दोन महिने नव्हतं ऐकवत. रडले मी त्या भाजीवाल्याच्या दुकानात, त्याला वाटलं कांद्यानं. मग ऐकवायला लागलं. पण तेव्हा वाटलं, घरात राहिले तर बोलेन. आणि मी बोलले तर तू माझ्यासारखी वाजवशील. मग काय उपयोग?" त्यांनी सूनबाईच्या गालावरचा घाम आपल्या हातानं पुसला, ताठ करंगळी तिच्या कानाला लागली. "एक माई झाली की त्यांच्या नशिबात. दुसरी कशाला?"

सूनबाईनं त्यांना मिठी मारली. माई मिठ्या मारणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळं कोपर कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.

नाना आत आले. चेहरा लाल, केस उभे.

"ऐकताय ना? सोडत नाहीयेत! पुन्हा मागतायत."

"काय?"

"संथ भाग."

माईंनी लगेच पानं जुळवायला घेतली. "थांबा, लावून देते. कुठलं वर, कुठलं खाली..."

"राहू दे पानं."

"अहो, राहू दे काय?"

"तू समोर जाऊन बस," नाना म्हणाले. कुणाकडंही न बघता ते कोटाचं बटण लावत होते. "पहिल्या रांगेत. बाळ्याशेजारी."

माईंनी सूनबाईकडं पाहिलं. सूनबाईनं खांदे उडवले. माई पुटपुटत खाली गेल्या, आणि त्यांच्या दातांच्या डॉक्टर असलेल्या बाळ्यानं सरकून जागा केली.

पियानोवरची फळी रिकामी होती. नानांनी सुरुवात केली. सकाळी अकराला केली होती तशीच, मान जरा वाकडी, पण डोळे उघडे. एकही सूर चुकला नाही. एकाही सुरासाठी ते अडखळले नाहीत. सूनबाई वाजवता वाजवता ऐकत होती आणि तिच्या लक्षात यायला लागलं, की या माणसाला हे आजचं नव्हे, कालचं नव्हे, कित्येक वर्षांपासून पाठ आहे. पानाची गरजच नव्हती त्यांना. कधीपासून नव्हती?

व्हायोलिन चढायला लागलं. आता तिला रस्ता माहीत होता, थांबायचं नाही, झोकून द्यायचं. हात तयार होता. एक पायरी, दुसरी, शेवटची. उंच सुरावर पोचताना तिला खालून नानांचे हात मंद होताना जाणवले. तिनं पाहिलं.

नानांनी पट्ट्यांवरून हात उचलले होते. पान नव्हतं, उलटायचं काही नव्हतं. ते पहिल्या रांगेकडं बघत होते.

सूनबाईचा गज हवेत राहिला. ती जाऊ शकली असती. ती गेली नाही. एक ठोका झाला, दोन झाले, मग तिनं मोजणं सोडून दिलं. चारशे माणसांत कुणाची खुर्ची करकरली नाही. भिंतीवरचा फोटो तिला आठवला. माईंची वळलेली मान, पानावर नानांचा हात, आणि त्यांची ती नजर, जी पानावर नव्हती.

पहिल्या रांगेत माई आधी नुसत्या गोंधळल्या. मागं वळून पाहिलं, नाना कुणाकडं बघतायत ते. मग समोर पाहिलं. चष्मा काढला. परत लावला. बाळ्यानं काहीतरी विचारलं, त्यांनी त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला गप्प केलं. बत्तीस वर्षं ज्या पानासाठी त्या मान वळवत होत्या, ते पान समोर नव्हतंच, आणि नाना बघतच होते. त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला, अगदी कानापर्यंत.

मग माईंनी मांडीवरचा डावा हात जरासा वर उचलला. ताठ करंगळी बाजूला ठेवून हवेतला एक कोपरा चिमटीत धरला, आणि अलगद उलटला.

नानांचे हात पट्ट्यांवर आले. सूनबाईनं गज तारेवर ठेवला.